दोरकारखान्यातल्या शाळेचं पहिलं पान

१

फडकं सोडलं, हजेरीपट उघडला आणि पहिलं पान नव्हतं.

फाटलं नव्हतं, कुरतडलं नव्हतं. जणू कधी नव्हतंच. वही थेट हजेरीच्या रकान्यांपासून सुरू होत होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबलाभोवती बसलेल्या समितीने आधी वहीकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या माना एकदम मुद्रितशोधकाकडे वळल्या.

त्याला सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणायचे. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं होतं, स्वतःची ओळ एकही लिहिली नव्हती, आणि बोलायला लागला की वाक्याच्या मध्येच थबकायचा. निवृत्तीनंतर या पुस्तकाच्या कामाला तो फुकटात आला होता. पुस्तक होतं शहरातल्या वस्त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या एकोणीस शाळांचं. कुठली शाळा तबेल्यात भरली होती, कुठली सुताराच्या अंगणात, तर कुठली होड्यांच्या गोदामात. सगळ्यांत जुनी भरली ती दोरखंडाच्या कारखान्यात, नव्वद वर्षांपूर्वी.

ती शाळा कारखान्याच्या मुकादमाने काढली, असं समितीतल्या हेडमास्तरांनी पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं. मुकादम म्हणजे समितीच्या अध्यक्षांचे आजोबा. गेल्या आठवड्यात मात्र पाडायला काढलेल्या कारखान्याच्या रद्दीत बाइंडरला हा हजेरीपट सापडला आणि सोमवारी संध्याकाळी स्वल्पविरामने त्याचं पहिलं पान वाचलं. ‘आजपासून शाळा सुरू. मुलं अकरा.’ पुढे शिकवणारीचं नाव होतं. ती मुकादमाची कुणी नव्हती, कारखान्यात दोर वळणारी एक कामगारीण होती. खाली मुलांची यादी आणि आईबापांचे अंगठे.

त्याने हे समितीला अडखळत अडखळत सांगितलं होतं. बुधवारी सकाळी सगळ्यांनी पान बघायचं, फोटोग्राफरने फोटो काढायचा, आणि दुपारी चारला सत्तेचाळिसावं पान असलेला फर्मा, म्हणजे एका तावावरची सोळा पानं, छपाईला सोडायचा, असं ठरलं. आज तोच बुधवार होता.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही नक्की वाचलं होतं ना?” त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. “नाही, वय झालं की होतं असं. मलाही होतं.”

रागावले असते तर परवडलं असतं. पान समोर आलं नाही तर सत्तेचाळीस जसं आहे तसं छापायचं, असं ठरवून मंडळी चहाला खाली गेली.

स्वल्पविराम मात्र खाली गेला नाही, कारण एक गोष्ट त्याने समितीला सांगितली नव्हती. सोमवारी तो इथून तडक मावशींकडे गेला होता. मावशी म्हणजे त्या कामगारणीची मुलगी, वय चौऱ्याऐंशी, अजून शिवणयंत्र चालवणाऱ्या. माझ्या आईने शाळा काढली, हे त्या जन्मभर सांगत आल्या होत्या आणि गल्ली जन्मभर हसत आली होती. त्याने बातमी सांगितली तेव्हा त्यांनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं आणि एवढंच म्हणाल्या, “छापून आण. मग मानीन.”

आणि त्याने, आयुष्यात कुणाला शब्द न देणाऱ्या माणसाने, शब्द दिला होता.

२

खोलीत एकटा उरल्यावर त्याच्या मनाने लगेच फितुरी केली. खरंच वाचलं होतं का आपण? ऐन उमेदीत एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी सासऱ्याचं नाव त्याच्या नजरेतून सुटलं होतं आणि दोन्हीकडचं वऱ्हाड छापखान्यावर चालून आलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास तसा उधारीचाच. सोमवारी दिवे लागायची वेळ होती, शाई फिकट होती. एखाद्या म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून डोळ्यांनीच ते पान रचलं असलं तर?

डोळ्यांवर भरवसा नाही म्हटल्यावर त्याने बोटांना कामाला लावलं.

जुनी वही सुट्या पानांची नसते. कागद मधोमध दुमडून एकात एक घालतात आणि घडीवर टाका मारतात. अशा एका गड्डीला बाइंडर जुज म्हणतात. आठ कागद दुमडले की सोळा पानं. जुज कुठलीही असो, आकडा बदलत नाही.

त्याने मागून सुरुवात केली. शेवटची जुज, सोळा. तिच्या आधीची, सोळा. तिच्या आधीची, सोळा. राहिली पहिली जुज. एकदा मोजली, मग पुन्हा मोजली. मग डोळे मिटून मोजली.

पंधरा.

३

बाइंडरचं दुकान वाचनालयाच्या मागच्या बोळात होतं. दाराशी पुठ्ठ्यांची चळत, आत खळीचा आंबूस वास. स्वल्पविरामने वही पुढे केली तेव्हा बाइंडर तिरकस हसला. म्हणाला, या काका, समितीने कशाला धाडलंय ते कळलं. वही सापडली माझ्याकडे, दुरुस्तीला दोन दिवस होती माझ्याकडे, आणि पान सफाईने काढायची अक्कलही माझ्याकडेच, तेव्हा बेड्या आणल्या असतील तर घाला आणि जाताना खळीचं भांडं झाका.

स्वल्पविराम कानापर्यंत लाल झाला. आपण तसं म्हणत नाही, फक्त जोडीदार पानाबद्दल विचारायचं होतं, असं त्याने चार तुकड्यांत सांगितलं. पहिलं पान आणि त्याच जुजेचं सोळावं पान म्हणजे एकच दुमडलेला कागद. पहिलं कापलं तर सोळावं निराधार होऊन गळून पडायला हवं. ते तर घट्ट होतं.

आता बाइंडरचं हसू मावळलं. त्याने वही खिडकीपाशी नेली, सोळावं पान उजेडात तिरकं धरलं आणि नखाने घडीपाशी हळूच चाचपलं. तिथे पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदाची बोटभर रुंदीची पट्टी चिकटवली होती. तिच्या आधाराने ते पान उभं होतं.

“हे माझं काम नाही,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच राग आला होता. “मी सुटं पान शिवतो. चिकटवत नाही. असली पट्टी लावणारा माणूस सुईला घाबरतो.” मग जरा थांबून, नाइलाजाने पुढे म्हणाला, “पण हात स्वच्छ आहे हं, काका. एक सुरकुती नाही. जीव लावून केलंय.”

पान चोरायचं आणि मागे राहिलेल्या पानाला जीव लावायचा, असा चोर स्वल्पविरामला चाळीस वर्षांत कुठल्या पुस्तकातही भेटला नव्हता.

४

हेडमास्तर वाचनालयासमोरच्या बाकावर बसले होते. चहा गार झाला होता, त्यांनी घोटही घेतला नव्हता. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे स्वल्पविरामला अजूनही गृहपाठ विसरल्यासारखं वाटायचं. म्हणून त्याने प्रश्न न विचारता वही उघडून दाखवली आणि पंधरा पानं मोजून दाखवली.

हेडमास्तरांनी वही मिटली. मग चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, “मोजायची गरज नव्हती. काल दुपारी वही अर्धा तास माझ्याकडे होती. पान होतं. मी वाचलं.”

मग सकाळी बोलला का नाहीत, हा प्रश्न स्वल्पविरामच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. हेडमास्तरांनी तो ऐकलाच.

“तीस वर्षं प्रत्येक वर्गाला मुकादमाची गोष्ट सांगत आलो. परीक्षेत प्रश्नसुद्धा घालायचो. ज्यांनी वेगळं उत्तर लिहिलं असेल त्यांचे गुण कापले असतील मी. चारचौघांत कसं सांगू?”

त्यांना पान नको होतं, हे त्यांनी लपवलं नाही. पण काढलं आपण नाही, असं म्हणाले, आणि त्या आवाजावर अविश्वास दाखवणं स्वल्पविरामला जमण्यासारखं नव्हतं. काल वही त्यांनी परत वाचनालयाच्या कपाटात ठेवली तेव्हा अध्यक्ष काउंटरपाशी उभे होते. ते ग्रंथपालबाईंना सांगत होते, उद्याची बैठक झाली की वही आमच्या घरी पाठवून द्या, घरच्या कपाटात नीट राहील. बाई मान खाली घालून टपालावर शिक्के मारत होत्या.

“त्यांच्या घरी गेलेला कागद परत आलेला मी पाहिला नाही,” हेडमास्तर म्हणाले. “तबेल्यातल्या शाळेचे फोटो दोन वर्षांपूर्वी गेले. अजून येताहेत.”

म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत पान होतं. कपाटाची किल्ली काउंटरमागच्या खिळ्याला टांगलेली, कुणीही उचलावी. आणि अध्यक्षांना तर चोरायची गरजच नव्हती. वही आयती त्यांच्या दारात चालत जाणार होती.

मग पान हवं होतं कुणाला? घड्याळात एक वाजला होता.

५

विचार करून डोकं बधिर झालं की स्वल्पविराम घरी जाऊन बायकोच्या मागे मागे हिंडायचा. ती तेव्हा दोरीवरचे कपडे काढत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिच्यासमोर मात्र तो वाक्यं पुरी करायचा. एकेक कपडा त्याच्या खांद्यावर टाकत तिने ऐकून घेतलं.

“अहो, एवढं काय त्यात,” ती म्हणाली. “वैरी असता तर अख्खी वही नेऊन बंबात घातली असती. सोपं पडलं असतं. एकच पान काढलं आणि उरलेली वही नीट करून ठेवली, म्हणजे त्याला वहीही जगायला हवी होती आणि पानही. हा चोर नाही, आई आहे. माझ्या पोराला दुसऱ्याच्या घरी पाठवायचं म्हटलं तर मीही त्याला लपवलंच असतं.”

खांद्यावरच्या कपड्यांसकट स्वल्पविराम दारापर्यंत गेला. तिने ते तिथे उतरवून घेतले.

वाटेत चालता चालता त्याची गाठ सुटत गेली. कागद जगवणारा माणूस. सुई न वापरता पातळ पट्टीने दुरुस्ती करणारा. अध्यक्षांचं बोलणं ज्याने काल कानांनी ऐकलं तो. ग्रंथपालबाई झिजलेली पुस्तकं रोज अशाच पट्ट्या लावून उभी करायच्या. हे पटत होतं. पण नुसतं पटणं चार वाजता छापता येत नाही. पान पाहिजे होतं, आणि वाचनालयात बावीस हजार पुस्तकं होती. त्यातल्या कुठल्याही दोन पानांत ते तिसरं दडवता आलं असतं.

फक्त बाईंना ते दडवता आलं असतं का?

या बाईंनी पावसाळ्यात विसरलेल्या छत्रीलासुद्धा क्रमांक घातला होता, असं सगळे म्हणत. ती थट्टा नव्हती. त्याने स्वतः ती छत्री पाहिली होती. दवाखान्याची फुकट वाटलेली पत्रकं, दिनदर्शिका, कुणाचं हरवलेलं बालगीतांचं पुस्तक – वाचनालयाच्या उंबऱ्याआत आलेला कागद बिननोंदीचा ठेवला तर त्या रात्री बाईंना झोप आली नसती. चोर लपवतो आणि विसरतो. बाई लपवतील, पण नोंद करून.

दाखल नोंदवही काउंटरवर सभासदांसाठी उघडीच असायची. त्याने मंगळवारचं पान काढलं. वर्तमानपत्रं, दोन कादंबऱ्या, एक नकाशा. आणि सर्वांत खाली, बाईंच्या सुरेख, सरळ अक्षरात:

‘सुटं पान १. हस्तलिखित. विषय: शाळा.’ पुढे दाखल क्रमांक.

त्याने मान वर केली. बाई काउंटरपलीकडे उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

६

वाचनालयात कुजबुजूनच बोलायचं असतं, म्हणून ते भांडणही कुजबुजतच झालं.

बाईंनी नाकारलं नाही. अध्यक्ष वाचनालयाचेही अध्यक्ष होते. वही देत नाही म्हणायची बाईंची प्राज्ञा नव्हती. बाईंच्या कायम नेमणुकीचा कागद आठ महिने अध्यक्षांच्याच टेबलावर पडून होता. मग निदान पान तरी वाचवावं, एवढंच त्यांना सुचलं. सकाळी वही घेऊन आपण वर आलो होतो, तिथे सगळे स्वल्पविरामकडे बघायला लागले तेव्हा आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं त्या म्हणाल्या.

“पण पुस्तक चुकलं तर दुसऱ्या आवृत्तीत सुधारता येतं,” बाई म्हणाल्या. “कागद गेला की गेला. कधीतरी कुणीतरी हा क्रमांक मागेल, तेव्हा तो इथे असेल.”

“दुसऱ्या आवृत्तीला,” स्वल्पविराम म्हणाला आणि नेहमीसारखा थबकला. मग त्याने ते वाक्य पुरं केलं. “दुसऱ्या आवृत्तीला मावशी नसतील.”

 त्याला ओरडता येत नव्हतं, धमकी देता येत नव्हती, आणि एका बाईच्या नोकरीवर पाय देऊन पान उचलणं तर अजिबात जमलं नसतं. त्याने काउंटरवरच्या डब्यातून एक मागणीपत्र घेतलं. नाव, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक. कुठे हवं: वरची खोली. कधी: साडेतीन वाजता. खाली सही केली आणि चिठ्ठी बाईंच्या समोर सरकवली.

“आज मागितलंय,” तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

साडेतीनला समिती बसली. छापखान्याचा माणूस फर्म्याची अंतिम प्रत घेऊन सहीसाठी उभा होता. स्वल्पविरामने सांगितलं, पान मागवलं आहे. कुठून, असं अध्यक्षांनी विचारलं. तो म्हणाला, वाचनालयातून. बाइंडर मुद्दाम तमाशा बघायला आला होता, तो खोकला. दाराकडे सगळे बघत राहिले. तीन पस्तीस झाले, तीन चाळीस झाले. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

जिन्यावर पावलं वाजली.

७

बाई दोन्ही हातांवर एक पुठ्ठ्याची फाइल घेऊन आल्या. “सभासदाच्या मागणीनुसार,” त्या म्हणाल्या आणि फाइल टेबलावर उघडली. पान होतं. फिकट शाई, अकरा मुलं, अंगठे. कोपऱ्यात वाचनालयाचा गोल शिक्का आणि त्यात क्रमांक.

“हे कुणी काढलं?” अध्यक्षांनी विचारलं.

स्वल्पविरामने काहीतरी गोलमाल सांगायला तोंड उघडलं, पण बाईंनी त्याला संधी दिली नाही. “मी. वही तुमच्या घरी जाणार होती म्हणून. आता पान दाखल झालंय. दाखल झालेला कागद वाचनालयाबाहेर जात नाही, साहेब. तुमच्याही घरी नाही.”

 अध्यक्षांचा चेहरा तांबडा होत चालला होता. तेवढ्यात हेडमास्तर उठले. त्यांनी ते पान जवळ ओढलं आणि वर्गात वाचावं तसं, खड्या आवाजात, एक शब्द न गाळता वाचून दाखवलं. शिकवणारीचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, सत्तेचाळिसावं पान मी लिहिलं आणि ते चूक आहे. हे पान मी कालच वाचलं होतं आणि सकाळी तोंड मिटून बसलो. लाल पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या परिच्छेदावर काट मारली. तीस वर्षांत इतकी ठसठशीत काट त्यांनी कुणाच्या वहीवर मारली नव्हती.

मग यादी. मुलांची शाळेतली नावं तिथे नव्हतीच. दोर वळणाऱ्या बायका ज्या नावाने हाका मारत तीच होती. मुंगी, ढब्बू, काजळ्या. स्वल्पविराम ती सोमवारी वाचून पुढे गेला होता. त्याच्या दृष्टीने त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. पण हेडमास्तरांनी सातवं नाव वाचलं, ‘बेडूक, मुकादमाचा मुलगा’, आणि अध्यक्षांनी हात वर केला.

“परत वाचा,” ते म्हणाले.

हेडमास्तरांनी परत वाचलं.

“आजी त्यांना बेडूक म्हणायची. मरेपर्यंत.” अध्यक्ष पानाकडे बघत होते. “माझे वडील. ते आम्हाला सांगायचे, मला अक्षर दोराच्या तुकड्यांनी शिकवलं. आम्हाला वाटायचं, म्हातारा काहीतरी बोलतोय.”

 मग पेनाचं टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं आणि छापखान्याच्या माणसाला म्हणाले, सत्तेचाळीस बदलून आल्याशिवाय माझी सही नाही. उशीर झाला तर झाला. बाईंकडे बघून त्यांनी घसा साफ केला. आमच्या घरी गेलेली वस्तू हरवते हे खरंच आहे, असं ते म्हणाले, आणि तुमचा तो नेमणुकीचा कागदही बहुधा तसाच हरवलाय, तेव्हा दुसरा करून आणा, इथेच सही करतो. बाइंडर पुटपुटला की सुटलेलं पान मात्र मीच शिवणार, पट्टी खपवून घेणार नाही.

नवा परिच्छेद लिहायला कुणाला सांगायचं, यावर वाद झाला नाही. स्वल्पविरामने कोऱ्या कागदावर सात ओळी लिहिल्या. आयुष्यातल्या पहिल्या. त्यांतली एकही खोडावी लागली नाही.

८

छपाईयंत्रातून निघालेला ताव सुकायची वाट न बघता तो निघाला. ऊन अजून भिंतींवर होतं. मावशींच्या पुढच्या खोलीत यंत्र चालू होतं, सून काज करत बसली होती. त्याने काही न बोलता ताव उलगडून कापडांवर पसरला आणि सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

मावशींनी शिवणाचा चष्मा नाकावर चढवला. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत, त्या सात ओळी त्यांनी वाचल्या. आईच्या नावापाशी बोट थांबलं. शाई ओली होती, बोटाला लागली. त्यांनी ते पुसलं नाही.

रडतील असं त्याला वाटलं होतं आणि त्याने खिशातला रुमाल तयार ठेवला होता. मावशी रडल्या नाहीत. त्या उठल्या, त्याला आपल्या जागी बसवलं, ताव घेऊन दारात गेल्या आणि समोरच्या दुकानदाराला हाक मारली. चाळीस वर्षं हसण्यात तो सगळ्यांत पुढे होता. वाच, त्या म्हणाल्या. तो मनात वाचू लागला तेव्हा म्हणाल्या, तोंडाने वाच. त्याने वाचलं. मग शेजारीण आली, तिच्याकडून वाचून घेतलं. मग तिचा नवरा, मग कोपऱ्यावरचा न्हावी हातातल्या कात्रीसकट, मग घरी परतणारे सात कामगार. कुणी भरभर वाचलं तर मावशी त्याला थांबवून पहिल्यापासून सुरू करायला लावत होत्या. आतमध्ये सून हसू आवरत स्वल्पविरामपुढे चहा ठेवत होती, आणि त्याच्या सात ओळी गल्लीतल्या अकरा तोंडांतून त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होत्या.

सगळे पांगल्यावर मावशी आत आल्या आणि ताव नीट घडी करून मांडीवर ठेवला.

“किती छापताय?” त्यांनी विचारलं.

“हजार,” तो म्हणाला.

मावशींनी क्षणभर विचार केला.

“कमी आहेत,” त्या म्हणाल्या.